फड, खुराक आणि परतफेड



आमच्या जामखेड तालुक्याच्या इतिहासाविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे दोन गोष्टी आपोआप जिभेवर येतात. एक म्हणजे १७९५ सालच्या मार्च महिन्यांत खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनीं निजामाचा केलेला पराभव, आणि दुसरी म्हणजे १७२५ सालीं चौंडी या गांवीं झालेला अहिल्याबाई होळकरांचा जन्म. ह्या दोन्ही गोष्टी मीं शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ शिकविल्या. परंतु आज मी ज्या इतिहासासंबंधीं चार शब्द सांगणार आहें, त्याला ना सनावळी आहे, ना शिलालेख. तो इतिहास गांवच्या जत्रेंतील कुस्त्यांच्या फडाचा आहे. आणि फडाचा म्हणण्यापेक्षां तो फड पोसणाऱ्या माणसांचा आहे, असें म्हणणें अधिक योग्य होईल. कुस्ती कोणीं मारली हें गांवाच्या ध्यानांत चाळीस वर्षें राहतें. परंतु त्या पैलवानाला दूध कोणीं घातलें, हें दुसऱ्या वर्षींच विसरलें जातें.

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७२ च्या मोठ्या दुष्काळापूर्वीं, आमच्या गांवची जत्रा चैत्रांत भरत असे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं फड सुरू होई. त्यासाठीं ओढ्याकांठचें एक शेत कुळवून, खडे वेंचून मऊ केलेलें असे. हलगी कडाडूं लागली कीं सारें गांव त्या शेताभोंवतीं कडें करून बसे. फेटे बांधलेले पंच मध्यभागीं उभे राहत. प्रथम आम्हां पोरांच्या कुस्त्या होत आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळींत रेवड्या पडत. त्यानंतर नारळाच्या कुस्त्या, मग रुपया-दोन रुपयांच्या, मग पांच-दहांच्या, आणि दिवस कलतां कलतां शेवटची निकाली कुस्ती. तिच्यासाठीं भरजरी फेटा किंवा चांदीचें कडें ठेवलेलें असे. दोन गड्यांना पंच समोरासमोर उभे करीत, त्यांचे दंड चाचपीत, उंची पाहत आणि मग हात हातांत देत. यालाच जोड लावणें म्हणतात. जोड बरोबरीची लावणें हें मोठ्या न्यायाचें काम मानलें जाई.

आतां या साऱ्या थाटाला खर्च किती येत असेल? रोख रकमेच्या हिशेबानें पाहिलें तर फारच थोडा. शेत ज्याचें असे तो त्याचें भाडें घेत नसे. मातींत मिसळावयास ताक घरोघरचें येई, तेल तेल्याच्या घाण्यावरून येई. नारळ व रेवड्या वाण्याकडून, फेटा कापडवाल्याकडून. परगांवचे पैलवान एकेका घरीं दोघे-दोघे असे जेवावयास वांटून दिलेले असत. गांवच्या तालमींतील होतकरू पोराचा खुराक पाळीनें चाले. आज या घरचें शेरभर दूध, उद्यां त्या घरचें. त्याच्या बदल्यांत पैलवान काय देई? कोणाची गाडी चिखलांत रुतली तर तो खांदा लावी, मळणीच्या वेळीं पोतीं उचली, विहिरीच्या कामावर दगड ओढी, पालखीला खांदा देई. आणि शेजारच्या गांवच्या फडांत जिंकून आला म्हणजे आमच्या गांवाचें नांव घेऊन येई. ह्या देवघेवीची वही कोणीं लिहीत नसे. तरीसुद्धां कोणाचें कोणाकडे काय निघतें, हें सर्वांना ठाऊक असे.

ही रीत निर्माण कां झाली, याचें कारण आमच्या भागाच्या हवापाण्यांत व पिकांत सांपडतें. हा मुलूख रब्बीच्या ज्वारीचा. ज्वारी माघ-फाल्गुनांत काढणीस येते, खळीं होतात, आणि चैत्रांत कणग्या भरलेल्या असतात. त्या वेळीं घरांत धान्य असतें, हातांना सवड असते, गाई-म्हशींचें थोडेंफार दूध असतें; नसतो तो फक्त पैसा. जें गांवाजवळ विपुल होतें त्यावर फड उभा राहिला आणि जें नव्हतें त्यावांचून त्याचें अडलें नाहीं. खळ्यावर बलुतेदारांना त्यांचें बलुतें मिळे, तेंही ह्याच सुमारास. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव आदिकरून कारागीर व सेवेकरी वर्षभर कुणब्याचें काम करीत आणि पीक निघालें म्हणजे आपापल्या वांट्याच्या पेंढ्या व धान्य नेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत ह्या व्यवस्थेचें बारकाईनें वर्णन केलें आहे. थोरली, मधली आणि धाकटी अशा तिच्या तीन कासा असत आणि कासेप्रमाणें वांटा कमी-अधिक होई. फडाची देवघेव ही ह्या मोठ्या देवघेवीचीच एक लहानशी फांदी होय.

हा सारा प्रकार आमच्या खेड्यापाड्यांपुरताच आहे, अशी माझी पुष्कळ वर्षें समजूत होती. परंतु निवृत्तीनंतर एके दिवशीं माझ्या नातवानें मला न्यूझीलंड देशांतील एका खेळाच्या स्पर्धेची हकीकत वाचून दाखविली आणि माझी समजूत ढिली झाली. त्या स्पर्धेचें नांव बार्टरकार्ड कप. ती रग्बी लीग या खेळाची होती. रग्बी लीग म्हणजे लांबट अंड्याच्या आकाराचा चेंडू हातांत घेऊन, प्रतिपक्षाच्या तेरा गड्यांना चुकवीत व धडकत सीमेपार नेण्याचा खेळ. आपल्या हुतूतूंतील धरपकड आणि कुस्तींतील रेटारेटी ही दोन्ही ज्याला आवडतात, त्याला हा खेळ परका वाटणार नाहीं.

ह्या खेळाच्या जन्माची कथाच मुळीं पोटापाण्याची आहे. १८९५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, इंग्लंडच्या उत्तरेकडील हडर्सफील्ड गांवच्या जॉर्ज हॉटेलांत, रग्बी खेळणाऱ्या सुमारें वीस क्लबांचे प्रतिनिधि जमले. त्या भागांतील खेळाडू खाणींत व गिरण्यांत काम करणारे मजूर होते. सामन्यासाठीं कामावर खाडा झाला कीं त्यांची मजुरी बुडे. ह्या बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबानें द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. परंतु रग्बीचा कारभार पाहणाऱ्या मंडळींना खेळाबद्दल पैसा देणें कमीपणाचें वाटे, आणि त्यांनीं ती मागणी दोन वर्षांपूर्वींच फेटाळली होती. तेव्हां उत्तरेकडील क्लब वेगळे निघाले, आणि त्यांच्या खेळांतून पुढें रग्बी लीग तयार झालें. १९०७ सालीं न्यूझीलंडमधून बास्करव्हिल नांवाच्या एका टपाल खात्यांतील तरुण कारकुनानें खेळाडू जमवून त्यांना इंग्लंडास नेलें, आणि त्या देशांतही हा खेळ रुजला. खेळणाऱ्याच्या खाड्याचें काय करावयाचें, हा प्रश्न ज्या खेळानें पहिल्या दिवसापासून उघडपणें विचारला, असा हा खेळ आहे.

न्यूझीलंडांत मात्र जुनें रग्बी हेंच लोकांच्या गळ्यांतील ताईत. रग्बी लीग हें धाकटें भावंड. त्याला आश्रयदाते मिळणें कठीण. अशा स्थितींत २००० सालीं तेथें बारा संघांची एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि तिला बार्टरकार्ड या कंपनीचें नांव मिळालें. पहिल्या वर्षीं कँटरबरी बुल्स हा संघ विजयी झाला. २००७ पर्यंत ती स्पर्धा त्या नांवानें खेळली गेली.

ही बार्टरकार्ड कंपनी कसला व्यापार करते, हें ऐकण्यासारखें आहे. तिची स्थापना १९९१ सालीं ऑस्ट्रेलियांत झाली. ती स्वतः कांहीं पिकवीत नाहीं व कांहीं घडवीतही नाहीं. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत अदलाबदल घडवून आणणें हाच तिचा धंदा. समजा, एका छापखानेवाल्यानें एका हॉटेलवाल्याचीं पत्रकें छापून दिलीं. हॉटेलवाल्यानें रोख पैसा दिला नाहीं. परंतु कंपनीच्या खात्यावर छापखानेवाल्याच्या नांवें तितकी रक्कम जमा झाली व हॉटेलवाल्याच्या नांवें खर्चीं पडली. आतां छापखानेवाल्यानें त्याच हॉटेलांत जाऊन राहिलें पाहिजे असें नाहीं. तो त्या मंडळांतील एखाद्या दंतवैद्याकडून दांत काढून घेईल किंवा सुताराकडून कपाट करवून घेईल. हॉटेलवाला आपल्या रिकाम्या राहणाऱ्या खोल्या तिसऱ्याच कोणास देऊन आपलें देणें फेडील. खात्यांतील ही रक्कम त्या देशाच्या नाण्याच्या बरोबरीनें मोजतात. कंपनी प्रत्येक व्यवहारावर आपली कांहीं टक्के दलाली घेते, ती मात्र रोख. मर्म इतकेंच कीं, हॉटेलची खोली आज रात्रीं रिकामी राहिली तर ती रात्र कायमची फुकट गेली. चैत्रांतलें ताक कोणीं प्यालें नाहीं तर तें जसें नासून जातें, तसेंच. जें नासून जाणार तें दुसऱ्याच्या उपयोगीं लावावें आणि त्याचें मोल खात्यावर धरावें, अशी ही योजना आहे. हिला पूर्वपीठिकाही आहे. जगभर मंदी पसरली असतां, १९३४ सालीं, स्वित्झर्लंडांतील लहान व्यापाऱ्यांनीं याच धर्तीवर आपलें मंडळ काढलें. नाणें दुर्मिळ झालें म्हणून माणसांचे हात कांहीं लुळे पडत नाहींत, हें त्यांनीं ओळखलें.

हें ऐकल्यावर माझ्या मनांत प्रथम अभिमान उत्पन्न झाला. मला वाटलें, हे लोक ज्या युक्तीला नवी म्हणतात ती आमच्या गांवगाड्यांत शेंकडों वर्षें नांदत होती. परंतु शिक्षकाच्या धंद्यांत एक खोड लागते. उत्तर बरोबर आलें तरी रीत तपासून पाहावीशी वाटते. रीत तपासूं लागलों तेव्हां अभिमानाला उतार पडला.

आमच्या बालपणच्या फडावर हलगी वाजविणारा एक गृहस्थ होता. त्याच्या हलगीशिवाय फडास रंग चढत नसे. कुस्ती अटीतटीला आली म्हणजे त्याच्या कांड्या अशा कांहीं पडत कीं बसलेले म्हातारे उठून उभे राहत. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो उभ्यानें वाजवी. शेवटीं फुटलेल्या नारळांचीं भकलें आणि उरलेल्या रेवड्या त्याच्या उपरण्यांत टाकल्या जात; जवळ जाऊन हातांत नव्हे, वरूनच. त्याचा मुलगा माझ्या वर्गांत होता. अंगानें काटक, चपळ, शाळेच्या अंगणांत आम्हां सर्वांना लोळविणारा. एका जत्रेंत तो लंगोट कसून रेवडीच्या कुस्तीसाठीं पुढें आला. पंचांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, “याला जोड नाहीं.” जोड होती, मी स्वतः तेथें उभा होतों आणि तो मला नेहमींच पाडीत असे. मी कांहीं बोललों नाहीं. तो मागें वळला. त्याचा बाप हें सर्व पाहत होता आणि त्याची हलगी क्षणभरही थांबली नाहीं, कारण ती थांबविण्याचा त्याला अधिकार नव्हता. तो मुलगा पुढें शहरांत कामाला गेला. जत्रेस तो पुन्हां कधीं आल्याचें मला आठवत नाहीं.

आतां न्यूझीलंडचा छापखानेवाला आणि आमचा हलगीवाला यांच्यांतील अंतर पाहा. छापखानेवाला आपल्या कामाची किंमत आपण सांगतो. हलगीवाल्याची किंमत दुसरेच ठरवीत. छापखानेवाल्याचें खातें लिहिलेलें असतें व तो तें वाचूं शकतो. हलगीवाल्याचें खातें गांवाच्या मनांत होतें, आणि गांवाचें मन त्याच्या हातांत नव्हतें. छापखानेवाल्याला मंडळ आवडलें नाहीं तर तो बाहेर पडतो. हलगीवाल्याच्या पायांत मात्र जन्माचीच बेडी होती. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनांच्या सुधारणेसाठीं बिल मांडलें, तें ह्याच बेडीकडे बोट दाखवून. मूठभर धान्यासाठीं व वतनाच्या तुकड्यासाठीं माणसानें रात्रंदिवस गांवाच्या हुकुमांत राहावें, ही देवघेव नव्हे, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. कनिष्ठ गांवकामगारांचीं तीं वतनें नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. म्हणून बलुत्याची नुसती थोरवी गाणारास मी हात जोडून विनंती करतों कीं, त्यानें धाकट्या कासेवर, आणि कासेच्याही बाहेर, कोण उभें होतें तें एकदां पाहून घ्यावें.

तथापि ह्या रीतींत जें चांगलें होतें, तें एका माणसाच्या चरित्रांत सोन्यासारखें उजळून निघालें आहे. तो माणूस म्हणजे कराडजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं कुस्तीला उदार आश्रय दिला होता आणि खासबागेचें भव्य मैदान १९१२ सालीं उभें केलें होतें. त्याच कोल्हापुरांत खाशाबा शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हां कोल्हापूरच्या महाराजांनीं साहाय्य केलें आणि त्यांना सहावा क्रमांक मिळाला. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें, तर पदरीं पैसा नाहीं. गांवकऱ्यांनीं वर्गणी गोळा केली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं हेलसिंकीस सत्तावन्न किलो वजनाच्या गटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्याच्या बळावर मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. त्यांचें स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें झालें.

ह्या कथेचा पुढचा भाग मला पदकाहून मोठा वाटतो. परत आल्यावर खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचा फड भरविला, त्यांत ते लढले, आणि आलेल्या पैशांतून आपल्या गुरूंचें गहाण घर सोडविलें. त्यांनीं घेतलेलें ऋण ओळखलें, तें मोजलें, आणि आपल्या हातानें फेडलें. येथें देणारा आपल्या इच्छेनें देत होता व फेडणारा मानानें फेडीत होता. दोघांपैकीं कोणीही खालीं नव्हता. आमच्या जुन्या देवघेवीचें शुद्ध रूप कसें असावें, हें पाहावयाचें असेल त्यानें येथें पाहावें.

दुसरें एक उदाहरण माझ्या जामखेडांतीलच आहे. १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे हें दांपत्य येथें आलें आणि त्यांनीं ग्रामीण आरोग्याचें तें कार्य सुरू केलें, ज्याबद्दल त्यांना १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. गांवांत औषधापूर्वीं माणसें एकत्र आलीं पाहिजेत, हें त्यांनीं जाणलें; आणि एकत्र आणण्याचें साधन म्हणून व्हॉलीबॉल हा खेळ हातीं घेतला. एक जाळी आणि एक चेंडू, एवढेंच भांडवल. जाळीच्या एका बाजूला उभ्या राहिलेल्या सहा जणांत चेंडू कोणाच्या हातून कोणाकडे जाईल याला जातीचा नियम लावतां येत नाहीं. लावला तर डाव हरतो. खेळ संपल्यावर तरुण शेतकरी तेथेंच बसून पाण्याविषयीं, पिकांविषयीं, पोरांच्या आजारांविषयीं बोलूं लागले आणि त्यांतून त्यांचीं मंडळें उभीं राहिलीं. येथें बक्षीस नव्हतें, फेटा नव्हता. परंतु ज्या मुलाला माझ्या गांवच्या पंचांनीं जोड नाहीं म्हणून परतविलें, त्याला येथें जागा होती.

आज जत्रेचे फड बंद पडले आहेत असें नाहीं. उलट बक्षिसांचे आंकडे आतां लाखांवर गेले आहेत आणि देणाऱ्यांचीं नांवें मोठमोठ्या फलकांवर झळकतात. रोख पैसा वाईट असें मी म्हणत नाहीं. ज्याचा खाडा होतो त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु बक्षीस एका दिवसाचें असतें आणि खुराक वर्षाचा. शेवटच्या कुस्तीस लाख रुपये ठेवणाऱ्या गांवांत तालमीच्या कौलांतून पाणी गळतें, असें मीं पाहिलें आहे. दूध घालणारें घर मात्र फलकावर कोठेंच नसतें.

म्हणून माझी जत्रा कमिट्यांना एक अल्पशी सूचना आहे. वर्गणीच्या वहींत रुपयांच्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना आखावा. कोणीं शेत दिलें, कोणीं पाहुणे जेवूं घातले, कोणत्या घरानें कोणत्या पोराला किती दिवस दूध दिलें, हें त्यांत लिहावें. आणि हलगीवाल्याची बिदागी आधीं त्याला विचारून, मग त्याच्या हातांत द्यावी. ती वही फड सुटण्यापूर्वीं सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. ज्यांनीं ती ऐकावी असें मला वाटतें, त्यांपैकीं एक जण बापाच्या हलगीचा आवाज मागें टाकून फार पूर्वींच गांव सोडून गेला आहे. परंतु त्याच्या नातवंडांपैकीं कोणी एखाद्या चैत्रांत लंगोट कसून पुढें आलाच, तर पंचांनीं त्याचे दंड चाचपावेत, उंची पाहावी, आणि त्याला बरोबरीची जोड लावावी.